एकोणिसाव्या मजल्याचं पाणी

दिपालीनं सातव्या मजल्यावरचा, आग विझवायच्या पाण्याचा हायड्रंट उघडला तेव्हा पाणी एवढ्या जोरात आलं, की बादली कलंडली आणि तिचे बूट भिजले. आठव्या मजल्यावर तिनं शहाणपणानं बादली दोन पायांत धरली आणि चाक फिरवलं. फुस्स झालं. गंजाचा वास आला. बादली कोरडीच राहिली.

तिनं चाक बंद केलं, पुन्हा शेवटपर्यंत उघडलं. काही नाही.

मग नववा, दहावा, अकरावा. प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारच्या लाल पेटीचं दार उघडायचं, आतला होज बाजूला करायचा, बादली लावायची, चाक फिरवायचं. बाराव्यावर पेटीत कुणीतरी सायकलीची जुनी चाकं ठेवली होती. पंधराव्यावर चपला होत्या. एकोणिसाव्यावर, म्हणजे शेवटच्या मजल्यावर, ती घामाघूम होऊन पोचली तेव्हा तिथल्या तोंडातून हवासुद्धा आली नाही. तिनं पायरीवर बसून वहीत लिहिलं: आठ ते एकोणीस, बारा मजले, पाणी नाही.

ही रावेतमधली मळई हाइट्स, तिची ए विंग. जिथं ही इमारत उभी आहे त्या रानाला मळई म्हणायचे. ते रान ज्यांचं होतं त्या अर्जुनरावांनी बिल्डरला जमीन देताना, नाव मळईचंच राहील, अशी अट घातली होती. अर्जुनराव आता नाहीत. त्यांचा मुलगा कुलदीप सोसायटीचा अध्यक्ष होता आणि आई सुभद्राबाई, बायको-मुलीसह एकोणिसाव्या मजल्यावर राहत होता. शेवटच्या मजल्यावरचे चारही फ्लॅट त्यांचेच होते.

दिपाली तिशीची होती. तिचे वडील ज्योतीराम गिराम परभणीकडून आले आणि चाकणच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं घणाच्या आवाजात काढून आता चिखलीत घरी होते. आयटीआय करून, आगीच्या सुरक्षेचा कोर्स करून दिपाली थेरगावच्या एका एजन्सीत लागली होती, त्याला सहा वर्षं झाली. इमारतींतली आग विझवायची यंत्रणा तपासायची आणि चालू असेल तर तसा दाखला लिहायचा, हे तिचं काम. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. दाखल्यावर एजन्सीचा शिक्का बसायचा, पण शिक्क्याच्या वर तपासणाऱ्याची सही लागायची. मळई हाइट्सला ती पहिल्यांदाच आली होती.

ती तळघरात पंपाच्या खोलीत गेली. पंप सांभाळणारे मालोजीकाका स्टुलावर बसून रेडिओ ऐकत होते.

“बघा, मी सकाळीच म्हणलं होतं, कशाला चढताय म्हणून,” ते म्हणाले. “प्रेशरचा काटा दहाच्या वर आहे. गेल्या वेळचे साहेब काटा बघूनच गेले.”

“काटा दहाच्या वर आहे आणि आठव्या मजल्यावर थेंब नाही. मधे कुठं गेलं पाणी, काका?”

मालोजीकाकांनी रेडिओ बंद केला. हातातल्या फडक्याची घडी केली.

“सातव्याच्या पाइपांच्या डक्टमधे बघा,” ते म्हणाले. “पण मी सांगितलं म्हणू नका. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी.”

सातव्या मजल्यावर डक्टचं पत्र्याचं दार उघडून तिनं बॅटरी मारली. वर जाणाऱ्या लाल पाइपावर एक मोठा व्हॉल्व्ह होता. तो पूर्ण बंद होता. त्याच्या चाकातून साखळी ओवून कुलूप घातलं होतं. म्हणजे पंप कितीही जोरात चालला, तरी पाणी ह्या कुलपाशी येऊन थांबणार होतं. वरच्या अठ्ठेचाळीस घरांसाठी लाल पाइप फक्त रंगवलेला होता.

यंत्रणा बंद सापडली की तिथं लाल टॅग लावायचा, असा एजन्सीचाच नियम होता. बहुतेक जण एखादा टॅग पंपाच्या खोलीत लावून मोकळे होत. दिपाली पुन्हा बारा मजले चढली आणि तिनं बारा टॅग लावले. प्रत्येकावर जाड मार्करनं लिहिलं: ‘या मजल्यावर आगीसाठी पाणी नाही. तपासणारी, दिपाली ज्योतीराम गिराम.’ खाली तारीख आणि स्वतःचा मोबाइल नंबर.

मग ती कुलदीपशेठच्या ऑफिसात गेली.

“या ताई, बसा. चहा सांगू?”

“नको. शेठ, सातव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद करायला लावलाय?”

कुलदीप हसला. “मालोजी बोलला वाटतं.”

“कुलूप बोललं.”

त्यानं पंख्याचा वेग कमी केला आणि समजुतीच्या सुरात सुरुवात केली. “हे बघा, लपवण्यासारखं काही नाही. आमच्या हॉलच्या भिंतीमागून तो पाइप वर जातो. दिवाळीत तो गळायला लागला. इंटिरियर नुकतंच झालेलं, सगळी भिंत सागवानी, त्यातच देवघर. लाकूड फुगलं. मधला व्हॉल्व्ह फक्त सातव्यावर आहे, म्हणून तो बंद केला. मेमधे तनुजाचं, माझ्या मुलीचं लग्न आहे. घरी पाहुणे येणार. आता मी भिंत फोडत बसू? लग्न झालं की जूनमधे पहिलं काम हेच.”

“मग दाखला पण जूनमधेच घ्या.”

“तसं चालत नाही. महिनाअखेरीला दाखला नसेल तर नोटीस येते.”

“यायलाच पाहिजे.”

कुलदीपचं हसू गेलं. “ताई, आठ वर्षं झाली इमारतीला. इथं काडी पेटली नाही.”

“वर अठ्ठेचाळीस घरं आहेत, शेठ. प्रत्येकात गॅस आहे, गीझर आहे. पाच घरांबाहेर स्कूटरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या आहेत, मी मोजत उतरलेय. अग्निशमनची गाडी आली तर तिची शिडी इतक्या वर पोचेल याचा भरवसा नाही. त्यांचे लोक जिन्यानं वर येतील, तुमच्या पेटीतला होज जोडतील आणि चाक फिरवतील. पुढं काय होईल ते मी आज बारा वेळा बघितलंय.”

“म्हणजे तुम्ही सही करणार नाही.”

“नाही.”

“दुसरं कुणीतरी करेल.”

“करू दे. माझी होणार नाही.”

ती डांगे चौकातल्या एजन्सीच्या ऑफिसात पोचायच्या आत फोन पोचला होता. एजन्सीचे मालक शेखर सर दारातच उभे होते. आत टेबलाशी सार्थक, तिच्याच बरोबरीचा तंत्रज्ञ, कागदांत डोकं घालून बसला होता.

“बारा टॅग?” सर म्हणाले. “बारा? अगं, वर नंबर टाकलास स्वतःचा! त्यांच्या ग्रुपवर फोटो फिरतायत.”

“टॅगवर चुकीचं काय लिहिलंय, सर?”

“चुकीचं काही नाही. तोच तर त्रास आहे.” ते खुर्चीत बसले. “दिपाली, हा माणूस गेला तर त्याच्या ओळखीतल्या चार सोसायट्या जातील. पंप चालू आहे का? आहे. मग ‘चालू’ लिही. त्यात खोटं काय?”

“पंप तळघरात आहे, सर. आग तळघरातच लागेल असं तुम्ही लिहून द्या, मी सही करते.”

सार्थकनं मान आणखी खाली घातली.

“तोंड सांभाळ.”

“सहा वर्षं सांभाळलं. तुम्हीच शिकवलं होतं मला, शेवटच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडल्याशिवाय खाली यायचं नाही. पहिल्याच दिवशी.”

शेखर सर म्हणाले, “सोमवारी सार्थक जाईल. तू बस घरी. मी बोलावेपर्यंत.”

दिपालीनं बॅगेतून तपासणीचा कोरा फॉर्म काढला. उभ्या उभ्याच, सरांच्या टेबलावर टेकून, तो भरला. आठ ते एकोणीस, पाणी नाही. सातव्या मजल्यावर व्हॉल्व्हला कुलूप. सही केली आणि आवक वहीत नोंद करून तो फाइलला लावला.

“ही माझी तपासणी,” ती म्हणाली. “फाडायची असेल तर तुम्ही फाडा. सार्थकला नका फाडायला लावू.”

घरी आली तर वडील ओट्याशी मोबाइल धरून बसले होते. चिखलीतल्या शेजाऱ्याचा मेहुणा रावेतला राहायचा, फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला होता.

“माय, माझं नाव काहून टाकलंस गं त्याच्यावर?”

“पूर्ण नाव लिहायची सवय आहे, बाबा.”

“ते गाववाले लोकं हायेत. जमीन त्यांची, गावकी त्यांची. आपण पोटामागं आलेली माणसं. लिहून टाकायचं असतं गं. सगळेच लिहायलेत.”

“पाण्याला गावकी कळत नाही. असलं तर येतं, नसलं तर येत नाही. मी नाही तिथं आहे कसं लिहू?”

“अन् नोकरी?”

“घरी बस म्हणालेत.”

ज्योतीरामांनी मोबाइल उलटा करून ठेवला. त्यांना पोरीचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. पण सहा वर्षांत ती पहिल्यांदाच दिवसाढवळ्या घरी आली होती आणि तिचे बूट ओले होते. “भाकरी टाकतो,” ते म्हणाले. “जेव आधी.”

दुपारनंतर फोन सुरू झाले. एकानं शिव्या दिल्या, फ्लॅट विकायला काढला होता म्हणाला, तुझ्यामुळं गिऱ्हाईक पळालं. दिपालीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कितवा मजला?” तो म्हणाला सतरावा. “मग तुम्ही पण एकदा चाक फिरवून बघा,” ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. साधना, चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या.

“शेठनी टॅग काढून टाकलेत. चुकून लागले असं ग्रुपवर लिहिलंय. तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं म्हणणं टॅगवर होतं.”

“ते मी वाचलं. मला डोळ्यांनी बघायचंय. दाखवाल?”

“दाखवते. पण एकट्या तुम्हाला नाही. सगळ्यांना बोलवा. रविवारी सकाळी दहा वाजता, शेवटच्या मजल्यावर.”

“ते तर शेठचं दार आहे.”

“म्हणूनच.”

रविवारी गेटवर तिला अडवलं. आत सोडायचं नाही असा निरोप होता. दिपाली वाद न घालता गेटच्या मधोमध बादली उपडी घालून तिच्यावर बसली. मागं दोन गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. पाचेक मिनिटांनी साधनाताई खाली आल्या.

“ह्या माझ्या पाहुण्या आहेत,” त्या वॉचमनला म्हणाल्या. “पाहुण्यांना अडवायचा ठराव झालाय का सोसायटीत?”

वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. येण्याचं कारण, ह्या रकान्यात दिपालीनं लिहिलं: पाणी बघायला.

एकोणिसाव्या मजल्यावर तीस-पस्तीस माणसं जमली होती. जिन्यावरही उभी होती. कुलदीप स्वतःच्या दारासमोर हाताची घडी घालून उभा होता.

“बोला मॅडम,” तो मोठ्यानं म्हणाला. “नोकरीवरनं काढलेली बाई सोसायटीची तपासणी करणार. करा.”

दिपालीनं पेटी उघडली, बादली ठेवली. मग साधनाताईंकडं वळली. “चाक तुम्ही फिरवा. मी फिरवलं तर म्हणतील काहीतरी हातचलाखी केली.”

साधनाताईंनी दोन्ही हातांनी चाक फिरवलं. एक वेढा, दोन वेढे, शेवटपर्यंत. सगळे वाकून बघत होते. बादलीत गंजाच्या दोन खपल्या पडल्या. बाकी काही नाही.

मागून एक म्हातारा गृहस्थ म्हणाले, “एवढंच?”

“पंप बंद असेल!” कुलदीप म्हणाला. “पंप चालू झाला की येतं पाणी. मालोजीला फोन लावा.”

फोन लावायची गरज पडली नाही. मालोजीकाका जिन्यातच होते. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“पंप चालू आहे, शेठ,” ते म्हणाले. “सकाळपासून चालूच आहे. सातव्याला कुलूप आहे. चावी ही.” त्यांनी खिशातून चावी काढून तळहातावर धरली. “मला लावायला सांगितलं, मी लावलं. चुकलं माझं.”

“उद्यापासून कामावर यायचं नाहीस तू!”

“ते सोसायटीचे नोकर आहेत, तुमच्या घरचे नाहीत,” साधनाताई म्हणाल्या. आणि मग एकदमच सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे आमची बाळंतीण घरी आहे, कुणी म्हणे आम्हाला विचारलं का. कुलदीप ओरडून सांगत होता, लग्न आहे, जूनमधे करतो, पळून चाललोय का मी.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागचं दार उघडलं. सुभद्राबाई काठी टेकत बाहेर आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारीतल्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. लिफ्ट बंद असली की त्यांना घराबाहेर पडता येत नसे.

“कसला बाजार भरलाय?” त्यांनी विचारलं.

कुलदीप म्हणाला, “काही नाही आई, तू आत जा.”

“तुला न्हाई इचारलं. ह्या पोरीला इचारलं.”

दिपालीनं सांगितलं. सोपं करून, दोन-चार वाक्यांत. पाणी कुठून निघतं, कुठवर येतं, कुणी कुठं अडवलं आणि का. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं बादलीत वाकून बघितलं.

“व्हय रं कुलदीप,” ती म्हणाली, “ह्याच रानात तुझा बाप रात्रंदिवस पाण्याची दारं धरायचा. कुनी मधीच पाट फोडून म्होरल्या वाफ्यांचं पाणी तोडलं, तर कुदळ घिऊन भांडाया जायचा. आन् तू? तू तर आपल्याच आईचं पाणी तोडलंस की!”

“आई, तसं नाही. पाणी सोडलं तर आपलीच भिंत—”

“मी एकोणीस मजलं उतरू शकत न्हाई. आग लागली तर भिंत मला खांद्याव घिऊन पळणार हाय का?”

कुलदीप दारातून बाजूला झाला.

“मालोजी,” सुभद्राबाई म्हणाल्या, “जा. काढ कुलूप.”

आता दिपालीच पुढं झाली. “आजी, आत्ता उघडलं तर तुमचा हॉल भिजेल. आधी दुरुस्ती करून घेऊ, मग उघडू. आठवडा लागेल.”

“न्हाई. भिजल्याबिगर ह्यो भिंत फोडायचा न्हाई. मी आई हाय त्याची, मला ठावं हाय. आज म्हनंल उद्या, उद्या म्हनंल लगीन होऊं दे.” त्यांनी काठी आपटली. “काढ म्हणते ना!”

मालोजीकाका कुलदीपकडं न बघता खाली गेले. थोड्या वेळानं पाइपातून गडगड आवाज वर चढत आला. पेटीचं चाक उघडंच राहिलं होतं. आधी लालसर चिखल आला, मग पाण्याची धार अशी सुटली, की पुढची सगळी माणसं ओरडत मागं सरली. दिपालीनं चाक घट्ट बंद केलं. आणि मग, सगळ्यांच्या देखत, उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या सागवानी भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरायला लागले. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात. देवघराच्या फळीवरून पाणी टपटपायला लागलं. कुलदीपची मुलगी तनुजा आतून धावत आली आणि तिनं देव उचलून ओढणीत घेतले.

सुभद्राबाई आत गेल्या. त्या भिंतीवर अर्जुनरावांचा मोठा फोटो होता. “ह्यो काढा आधी,” त्या म्हणाल्या. कुणी हलेना. तेव्हा त्यांनी स्वतःच काठी टाकली, भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि हात वर केला. तो पोचेना. दिपालीनं बूट काढले, आत जाऊन फोटो उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. म्हातारीनं पदरानं काच पुसली.

“बाजूला बसत्याल दोन दिस,” त्या फोटोकडं बघत म्हणाल्या. मग मुलाकडं वळल्या. “सुतार बोलव. आन् पाइपवाला.”

भिंत दुसऱ्या दिवशी फुटली. लाकडामागं पाइपाचा जोड गंजून पापडासारखा झाला होता. प्लंबरनं बोट लावलं तर आत गेलं. दोन मजल्यांचा पाइप बदलावा लागला. काम आठ दिवस चाललं आणि आठही दिवस सुभद्राबाई हॉलमधे खुर्ची टाकून, धुळीत, तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. मालोजीकाकांना कुणी काढलं नाही. भिंत फुटली त्याच सोमवारी सार्थक दाखला घेऊन आला होता. साधनाताईंनी त्याला गेटवरच विचारलं, “वर चढणार की खालीच लिहिणार?” तो परत गेला.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना शेखर सरांचा दिपालीला फोन आला. “सोसायटीनं पत्र दिलंय. तपासणी तूच करायची म्हणे. ये.” चुकलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. तिनंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “टॅगची पुडकी भरून ठेवा, सर. संपलीत.”

शेवटची चाचणी गच्चीवर होती. त्याच दिवसाची भर दुपार. गच्चीवरच्या हायड्रंटला दोन तोंडं होती. एकाला दिपालीनं पाण्याचा दाब मोजायचं गेज लावलं, दुसऱ्याला होज जोडून त्याचं टोक मालोजीकाकांच्या हातात दिलं. कुलदीप आला होता. साधनाताई आणि आणखी चार-पाच जण होते. सुभद्राबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं.

तिनं चाक उघडलं. होज फुगला, ताठ झाला आणि नोझलमधून पाणी नदीच्या दिशेनं लांब फेकलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलदीपनंही सुस्कारा सोडला आणि खिशातून पेन काढून पुढं केलं.

दिपाली गेजकडं बघत होती.

“प्रेशर दोन पूर्णांक आठ,” ती म्हणाली. “साडेतीन पाहिजे. सही होणार नाही.”

टाळ्या थांबल्या.

“काय?” कुलदीपचा आवाज चिरकला. “समोर पाणी दिसतंय! नदीपर्यंत चाललंय! माझी भिंत फोडली, देव्हारा काढला, सगळ्या गावात माझं हसं झालं, आणि तुम्ही पॉइंट मोजताय?”

“पाणी येतंय, शेठ. पण आगीच्या वेळी दोन मजल्यांवर दोन होज एकदम चालवावे लागले तर हीच धार अर्ध्यावर पडेल. कमी आहे ते कमी आहे.”

“जाऊ द्या ना आता,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. आता ते सगळे तिच्याकडंच बघत होते, आठ दिवसांपूर्वी तिच्या बाजूनं बोलणारेसुद्धा. साधनाताई पण म्हणाल्या, “दिपाली, एवढं तर… परवा शेवटची तारीख आहे.”

कुलदीपशी भांडणं दिपालीला सोपं गेलं होतं. ह्या दमलेल्या, आपल्याशी बऱ्या वागलेल्या माणसांना नाही म्हणणं अवघड होतं. तिनं फॉर्म घडी करून बॅगेत टाकला.

“ताई, तुम्ही गणित शिकवता,” ती म्हणाली. “मुलानं दोन पूर्णांक आठला साडेतीन लिहिलं तर मार्क देता का?”

साधनाताईंनी ओठ मिटले. मग मान हलवली. नाही.

“काका, पंपाच्या तोंडाची जाळी शेवटची कधी साफ केली?”

मालोजीकाका विचारात पडले. “मी आल्यापासून तरी नाही.”

“मग तिथंच अडलंय. चला.”

जाळीचे बोल्ट गंजलेले होते, मालोजीकाकांच्या एकट्याच्या हातानं हलेनात. ते पान्यावर लोंबकळले तरी हलेनात. कुलदीप दारात उभा राहून बघत होता. थोडा वेळ त्यानं बघितलं, मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या, “सरका,” म्हणाला, आणि पान्याला हात घातला. शेवटी शेतकऱ्याचाच मुलगा, अंगात ताकद होती. बोल्ट करकरत फिरला. जाळी बाहेर काढली तेव्हा ती अर्धी चिखलानं, प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यांनी आणि सिमेंटच्या खड्यांनी भरली होती. इमारत बांधली तेव्हापासूनचा तो कचरा होता. कुलदीपनं ती हातात धरून उजेडाकडं बघितलं. नळाखाली धरून स्वतःच धुतली.

पुन्हा गच्ची. पुन्हा चाक. ह्या वेळी होजचा झटका एवढा बसला, की मालोजीकाका दोन पावलं मागं आले आणि कुलदीपनं त्यांना पाठीमागून धरलं. धारेचे तुषार सगळ्यांच्या अंगावर आले. सुभद्राबाईंनी पदर पुढं केला नाही, तोंड वर करून बसून राहिल्या.

“तीन पूर्णांक सात,” दिपाली म्हणाली आणि आकडा लिहून खाली सही केली.

कुलदीपनं कागद घेतला. त्याचा शर्ट ओला आणि चिखलानं काळा झाला होता. “जुलैला शेखरला सांगणार आहे मी,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला पाठव म्हणून.”

“सांगा. कुणीही आलं तरी गच्चीपर्यंत चढवा.”

“मी चढवते की त्याला,” सुभद्राबाई खुर्चीतून म्हणाल्या.

दिपालीनं गेज काढलं, पुसून बॅगेत ठेवलं. शेजारची बी विंग अजून तपासायची राहिली होती. तिनं बादली उचलली आणि ती जिन्याकडं निघाली.